सूरच्या वाटेवर भेटलेले लुटीचे शब्द

मस्कतमध्ये चौदा वर्षं राहून आम्ही सूर पाहिलेलं नव्हतं. दर हिवाळ्यात ठरायचं आणि दर हिवाळ्यात कुणाची तरी परीक्षा, कुणाचा तरी ताप, नाहीतर वसईहून कुणीतरी पाहुणे. या नोव्हेंबरात गुरुवारची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली. लेकीची, रियाची, युनिट टेस्ट तोंडावर होती, म्हणून नेल्सन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की मी तिच्याबरोबर थांबतो, तू मोरागला घेऊन जा.

मोराग माझी ऑफिसातली मैत्रीण. अल् खुवैरच्या आमच्या कंपनीत इंजिनियर लोक जे रिपोर्ट लिहितात, त्यांची इंग्रजी ती सुधारते. वय अठ्ठावन्न. स्कॉटलंडच्या पश्चिमेला जी बेटं आहेत, त्यांतल्या एका बेटावरची. घरी इंग्रजी नव्हे, गेलिक बोलत मोठी झाली. ही भाषा बोलणारे लोक आता फार थोडे उरलेत, असं ती एकदा चहा पिताना सहज बोलून गेली होती. तिचा भाऊ इयान बेटावरच्या घरात एकटा राहायचा, मेंढ्या आणि चार गाई सांभाळायचा. दर रविवारी तिला फोन करायचा. मस्कतमध्ये राहताना तिच्या गेलिकला तेवढाच एक श्रोता.

तर गुरुवारी सकाळी साडेसहाला मी अल् घुब्राहून निघाले, वाटेत मोरागला घेतलं आणि आम्ही सूरच्या रस्त्याला लागलो.

गुरुवार

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. मस्कत ते सूर सुमारे दोनशे किलोमीटर, रस्ता उत्तम, दोन-सव्वादोन तासांत सहज पोचता. पण न थांबता जायचं असेल तर जाऊच नका. स्पीडचे कॅमेरे भरपूर आहेत, आणि बकऱ्या कॅमेऱ्यांना घाबरत नाहीत, त्यामुळे लक्ष दोन्हीकडे ठेवा. टाकी मस्कतलाच भरून घ्या. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, म्हणून पाणी आणि फळं गाडीत हवीत. वादीत, म्हणजे डोंगरातल्या नदीच्या घळीत, पोहायचं असेल तर अंग झाकणारे कपडे आणि पाण्यात चालणारे बूट घ्या. साध्या चपलेने माझी टाच सोलली.

पहिला थांबा कुरियात. रस्त्यालगतच्या केरळी हॉटेलात परोठा, अंडा मसाला आणि करक, म्हणजे कडक दुधाळ, चहा झाला. मग बंदरावर गेलो. मासळी उतरत होती. सुरमईचे एवढे मोठे मासे पाहून मला आमच्या वसईच्या पाचूबंदरची आठवण आली, आणि मी त्यांचे फोटो आईला पाठवले. बंदराच्या तोंडाशी एका खडकावर जुना बुरूज आहे. त्याच्यासमोर उभं राहून आम्ही सेल्फी काढला. दोघी हसतोय त्यात. तो फोटो मी या पोस्टमध्ये घातलेला नाही. का ते पुढे कळेल.

तिथून बिम्माचं सिंकहोल. जमीन एकाएकी खचून खाली निळंहिरवं पाणी उघडं पडलंय. उतरायला पायऱ्या आहेत, तिकीट नाही. लहान मासे पायांना चावतात, दुखत नाही पण दचकायला होतं. अकराच्या सुमारास वादी शाबला पोचलो. तिथे एक रियाल देऊन छोट्या होडीतून पलीकडे जायचं, येताना तीच होडी. पुढे तासभर चालायचं, अर्धी वाट खजुराच्या सावलीत, अर्धी उन्हातल्या दगडांवर. मोराग माझ्यापुढे चालत होती. शेवटच्या डोहात ती पोहत आतल्या धबधब्यापर्यंत गेली. मी काठावर बसून संत्री सोलली. वादीत फोनला अजिबात रेंज नसते, हेही लक्षात ठेवा.

परत होडीतून उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गाडीजवळ येताच मोरागचा फोन एकसारखा वाजू लागला. आतापर्यंत अडकून पडलेले सगळे मेसेज एकदम आले. तिने एकच वाचला आणि लगेच फोन लावला. पलीकडून कुणीतरी पुरुष बोलत होता, गेलिकमध्ये. मला अर्थातच काही कळलं नाही. मी डिकी उघडून टॉवेल काढत होते.

मग ती म्हणाली, "मो ख्रेख." मोठ्याने नाही. पुन्हा म्हणाली, "मो ख्रेख." आणि पार्किंगच्या खडीवर, ओल्या कपड्यांनिशी, खाली बसली.

मला वाटलं, कुणाचं तरी नाव आहे.

इयान गेला होता. सकाळी शेजारी दूध न्यायला आला तेव्हा तो गोठ्याच्या दारात पडलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, रात्रीच केव्हातरी हृदय बंद पडलं असावं. मोराग हे मला इंग्रजीत, एकेक वाक्य करून सांगत होती, जणू कुणाचा तरी रिपोर्ट तपासतेय. मी तिच्या शेजारी खडीवर बसले. ऊन लागत होतं, पण उठवावं असं वाटेना. होडीवाला आला आणि त्याने न विचारता थंड पाण्याच्या दोन बाटल्या आमच्या पुढ्यात ठेवल्या.

मी नेल्सनला फोन केला. त्याने अर्ध्या तासात शोधून सांगितलं की शनिवारी दुपारच्या विमानात जागा आहे, त्याआधी नाही. अंत्यविधी पुढच्या आठवड्यात होता, म्हणजे ती वेळेत पोचणार होती. मी गाडी मस्कतकडे वळवायला निघाले. तेव्हा मोरागने माझ्या हातावर हात ठेवला.

"मला त्या फ्लॅटवर नेऊ नकोस," ती म्हणाली. "दोन दिवस तिथे भिंतींकडे बघत मी काय करू? पुढे चल."

हे योग्य होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. पण मी गाडी पुढे नेली.

सूरला समुद्राकाठी साधंसं हॉटेल आधीच ठरवलेलं होतं. अशी हॉटेलं सूरला बरीच आहेत, दोघींना पंचवीस रियालच्या आत खोली मिळते. सामान टाकून आम्ही किनाऱ्यावर जाऊन बसलो. सूर्य अजून मावळायचा होता. मुलं फुटबॉल खेळत होती. मग मी विचारलं की मघाशी तू कुणाचं नाव घेतलंस.

 ती म्हणाली की ते नाव नव्हतं. आमच्याकडे काही वाईट घडलं की बाया असं म्हणतात. दूध उतू गेलं तरी म्हणतात आणि माणूस गेलं तरी. लोक आता त्याचा अर्थ 'अरे देवा' एवढाच घेतात. पण 'क्रेख' ('मो'नंतर आला की त्याचा 'ख्रेख' होतो) म्हणजे धाड. दुसऱ्या टोळीने येऊन गुरं हाकून नेणं, घर जाळणं, ती लूट. 'मो ख्रेख' म्हणजे माझी लूट. मी लुटले गेले.

 माझी आजी गेली तेव्हा माझी मावशी ओट्यावर बसून हेच म्हणत होती, लुटले गेले गं बाय. तोवर मला वाटायचं की हे फक्त आमच्याकडचं रडणं आहे.

एकदा सुरू झाल्यावर मोराग बोलत राहिली. मला वाटतं तिला बोलायलाच हवं होतं, आणि भावाबद्दल थेट बोलणं जमत नव्हतं. ती आणि इयान रविवारच्या फोनवर शब्दांचाच खेळ खेळत. एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने तो कुठून आला ते सांगायचं. क्रेखचं मूळ नक्की कुणालाच माहीत नाही, काहींच्या मते मोडणं या अर्थाच्या धातूशी त्याचं नातं असावं. जुन्या गोष्टींत गुरं पळवण्याच्या मोहिमेला 'तान' म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'हाकणं' एवढाच. समुद्री चाच्याला त्यांच्याकडे जो शब्द आहे, तो इंग्रजीतून आलेला.

"म्हणजे लुटारूसाठी शब्दसुद्धा दुसऱ्याचा उचललाय," मी म्हणाले. ती पहिल्यांदा जराशी हसली.

मी तिला सांगितलं की इंग्रजांनी 'लूट' हा शब्द आमच्याकडून नेला. ते तिला ठाऊक होतं. मग ती म्हणाली, "आज शेजारी फोनवर मला काय म्हणाला माहीत आहे? 'स्प्रेईची काळजी करू नकोस, मी बघतो.' स्प्रेई म्हणजे गुरंढोरं. रोजचा शब्द. इयान दिवसातून वीस वेळा म्हणायचा. तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता लुटीचा माल."

मी विचारलं, गुरांना लूट का म्हणायचं?

"कारण गुरं तशीच मिळवलेली असायची," ती म्हणाली. "आणि शेजारच्या आयर्लंडमध्ये तोच शब्द पुढे हुंड्यासाठी वापरू लागले."

लूट, मग गुरं, मग हुंडा. मी वाळूत बसून हे तीन शब्द मनात एकापुढे एक ठेवत राहिले. एवढ्या गरीब, गोठ्यात राबणाऱ्या माणसाच्या तोंडी दिवसातून वीस वेळा येणाऱ्या शब्दाच्या पोटात हे असावं, याने मी अक्षरशः हादरले. मोरागला त्यात नवल नव्हतं. ती म्हणाली, आमच्या बेटावर आधी बोटींतून लुटारू आले, त्यांनी गावं जाळली, मग त्यांतलेच काही तिथे राहिले. त्यांची आणि ज्यांना लुटलं त्यांची पोरं म्हणजे आम्ही.

शुक्रवार

सकाळी सूर पाहिलं. जहाजांचा कारखाना चुकवू नका. लाकडी गलबतं अजून तिथे हाताने बांधतात, सागवान बहुतेक आपल्याकडून येतं, आणि कामावरचे सुतारही बरेचसे भारतातलेच. आम्हाला भेटलेला सुतार कारवारचा निघाला. मग झुलता पूल ओलांडून ऐजाला गेलो, तिथल्या दीपस्तंभापासून आख्खी खाडी दिसते. मोराग चालत होती, बघत होती, अधूनमधून थांबून बेटावर कुणालातरी फोन करत होती.

दुपारचं जेवण आमच्या ऑफिसातल्या हिलालच्या घरी होतं. हिलालने त्याच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी सकाळी फोन करून मोरागची बातमी कळवली आणि म्हटलं की आम्ही येत नाही. त्याचे वडील, अबू हिलाल, स्वतः फोनवर आले. म्हणाले, घरात दुःख असताना माणसाने हॉटेलात जेवू नये. ते हे हिंदीत म्हणाले. त्यांचे वडील गलबतावर नाखवा होते, लहानपणी अबू हिलाल त्यांच्याबरोबर मुंबईला येत, महिना-महिना मस्जिद बंदराजवळ राहत. पुढे तीस वर्षं त्यांनी सूरच्या शाळेत इतिहास शिकवला.

जेवण आत बायकांबरोबर. मोठ्या ताटात भात, वर भाजलेली सुरमई, लिंबू, कांदा. हिलालच्या आईने मोरागच्या बाजूला बसून मासा तिच्यासाठी काटे काढून वाढला. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तिने मोरागला दोनदा जवळ घेतलं. जेवणानंतर अबू हिलालनी आम्हाला बैठकीच्या खोलीत बोलावलं, खजूर आणि वेलचीची कॉफी आली. त्यांनी मोरागच्या भावाबद्दल विचारलं, काय करायचा, किती गुरं होती. मोराग मला इंग्रजीत सांगायची, मी हिंदीत. असं करता करता मी त्यांना स्प्रेई या शब्दाची गोष्ट सांगितली.

ते एकदम पुढे सरकले. म्हणाले, अरबीतही असंच आहे. बकऱ्या-मेंढ्यांना 'घनम' म्हणतात, आणि लुटीला 'घनीमा'. एकाच धातूचे शब्द. त्यांनी मोरागकडे पाहून हा शब्द दोनदा उच्चारला, ती तो तोंडातल्या तोंडात म्हणून बघू लागली. दोन भाषा, मध्ये एवढा समुद्र, आणि दोन्हींत गोठ्याचं नाव लुटीवरून. मग अबू हिलाल म्हणाले, "आणि जो ती लूट नेतो, तो घानिम."

मी म्हटलं, गनीम?

हा शब्द मी चौथीपासून ओळखत होते. गनिमी कावा. इतिहासाच्या पेपरात त्यावर चार गुणांचा प्रश्न हमखास. गनीम म्हणजे शत्रू, एवढंच मला माहीत होतं. हा शब्द कुठल्या वाटेने आपल्याकडे आला असेल, याचा त्या क्षणापर्यंत मी कधी विचारच केला नव्हता. फार्सी बोलणाऱ्या शत्रूने आपल्या लोकांना ठेवलेलं नाव असणार ते, लुटारू. आणि आपण त्याच नावावर अभिमानाने उत्तरं लिहिली. मी हे अबू हिलालना सांगितलं, तर त्यांना फार गंमत वाटली.

मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी म्हटलं, स्मिता लोपीस.

 "बुर्तुगाली? पोर्तुगीज?" त्यांनी विचारलं.

मी नेहमीचं उत्तर दिलं. नाही, आम्ही वसईचे, भारतीय, मराठी बोलतो, पूर्वज बाटले तेव्हा पाद्र्याचं आडनाव मिळालं. ऑफिसात हे उत्तर मी शंभर वेळा दिलंय. पण वसई हे नाव ऐकून त्यांचे डोळे चमकले. त्यांना वसई ठाऊक होती. मला बरं वाटलं. मस्कतमध्ये ओमानी माणसाला वसई माहीत असणं म्हणजे विशेष.

ते शिकवत असत तसं, हाताने हवेत किनारा काढत सांगू लागले. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज आरमार या किनाऱ्याला आलं. सूरजवळचं कल्हात शहर जाळलं. कुरियातमध्ये माणसं कापली, आणि ज्यांना जिवंत सोडलं त्यांची नाकं आणि कान कापले, बायकांचीसुद्धा. मशीद जाळली. मग मस्कत.

कुरियात. कालच मी तिथे उभी राहून हसले होते, सुरमईचे फोटो काढले होते. मी लोपीस.

ते थांबले नाहीत. त्यांच्या दृष्टीने गोष्टीचा चांगला भाग आता येत होता. जवळजवळ दीडशे वर्षांनी ओमानी लोकांनी पोर्तुगीजांना हाकलून दिलं, स्वतःची जहाजं बांधली आणि पाठलाग करत थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर गेले. दीवला गेले. "आणि तुमच्या वसईला," ते म्हणाले. "किल्ल्यातले सैनिक एवढे घाबरले की दरवाजे लावून आत बसले. आमच्या लोकांनी बाहेरचं सगळं घेतलं. सगळी चर्चेस रिकामी करून आणली."

मी कप खाली ठेवला. आमचं घर किल्ल्यापासून सायकलने पंधरा मिनिटांवर आहे. किल्ल्याच्या बाहेर.

 मी म्हटलं, "किल्ल्यात पोर्तुगीज होते. बाहेर आम्ही होतो."

 मोरागला हिंदी कळत नव्हती, पण तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं की काय झालं. मी तिला थोडक्यात सांगितलं. तिने माझा कप उचलून माझ्या हातात परत दिला.

अबू हिलाल आपल्या हातांकडे पाहत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "हा धडा मी तीस वर्षं शिकवला, मुली. मुलं टाळ्या वाजवायची. किल्ल्याबाहेर कोण राहत होतं, हे एकाही मुलाने विचारलं नाही. मीही नाही."

मी त्यांना म्हटलं, कुरियातबद्दल आमच्याकडे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.  राग येत होता, पण तो कुणावर, ते सांगता आलं नसतं. जे माझ्या गावावर चालून गेले, त्यांच्या घरचा भात माझ्या पोटात होता. ज्यांनी यांच्या बायकांची नाकं कापली, त्यांचं आडनाव माझ्या पासपोर्टवर. आणि समोर सत्तरीचा एक सज्जन माणूस, ज्याने काल भाऊ गेलेल्या परक्या बाईला आग्रहाने घरी बोलावलं होतं.

निघताना हिलालच्या आईने खजुराचा डबा दिला. अबू हिलाल गाडीपर्यंत आले. त्यांनी मोरागसाठी अरबीत प्रार्थना म्हटली. माझ्याकडे वळून छातीवर हात ठेवला.

शनिवार

सकाळी सातला निघालो. वाटेत कल्हातला थांबलो. जुन्या शहराचा एक घुमटाचा मकबरा तेवढा उभा आहे, बीबी मरियमचा. आम्ही गेलो तेव्हा आत सोडत नव्हते, कुंपणाबाहेरूनच पाहावं लागलं. तुम्ही जाल तेव्हा आधी चौकशी करा. चारी बाजूंना नुसते दगड. आठ दिवसांपूर्वी पाहिले असते तर मी लिहिलं असतं, किती शांत जागा आहे.

कुरियात आलं तेव्हा मी फाटा सोडून सरळ जाणार होते. मोराग म्हणाली की थांब. विमानाला वेळ होता. आम्ही पुन्हा बंदरावर गेलो. मासळीचा लिलाव चालू होता, तोच गोंगाट, तोच वास. एक म्हातारी बाई वाळत टाकलेल्या मासळीशेजारी बसली होती. तिने आम्हाला हाक मारून बसायला जागा करून दिली. आम्ही पाच मिनिटं बसलो. तिने मला कुठली म्हणून विचारलं. मी हिंद म्हटलं. तिने नाव विचारलं आणि मी नुसतं स्मिता सांगितलं. आडनाव माझ्या तोंडातून निघालं नाही.

गाडीत मी मोरागला विचारलं की तू हे शब्द रोज वापरायचीस, अर्थ ठाऊक असताना, तुला त्रास नाही व्हायचा? ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली की इयानला एकदा तिने हेच विचारलं होतं. तो म्हणाला, गाय दूध देताना ती कुणाकडून आणलेली आहे ते सांगत नाही, तिला चारा मात्र रोज लागतो. एवढं सांगून ती रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

विमानतळावर तिला सोडलं तेव्हा तिने खजुराचा डबा अर्धा केला. अंत्यविधीनंतर घरी लोक येतील, त्यांच्यापुढे ठेवीन म्हणाली.

घरी

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. इयानला समुद्रासमोरच्या दफनभूमीत ठेवलं. गाई शेजाऱ्याने नेल्या, मेंढ्या त्याचाच मुलगा बघेल. खजूर संपले. ती महिन्याने परत येणार आहे, आणि रविवारी फोनवर बोलायला तिला आता कुणी नाही. मी तिला म्हटलं, रविवारी आमच्याकडे जेवायला येत जा. गेलिक मला येत नाही, पण शब्द टाक, मी मराठीतला शोधते. हा खेळ रियालाही आवडेल, तिचं मराठी अडखळतं, तेवढंच सुधारेल.

प्रवास म्हणून विचाराल तर सूरला जरूर जा. वादी शाब, सिंकहोल, गलबतं, सगळं आहे तसंच सुंदर आहे आणि तीन दिवस पुरतात. मी मात्र त्या रस्त्यावरून पूर्वीसारखी जाऊ शकेन असं वाटत नाही.

एक गोष्ट राहिली. परत आल्यावर मी वसईला बाबांना फोन केला. माझे वडील निवृत्त शिक्षक, गावच्या इतिहासाचा त्यांना नाद आहे. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं, कुरियात, नाकं-कान, जहाजं, किल्ल्याचे बंद दरवाजे, चर्चेस. मला वाटलं होतं, ते हादरतील. 

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मस्कतचे अरब आले होते ते. बाहेरच्या लोकांचे फार हाल केले."

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

 ते म्हणाले, "तुझा व्हिसा आला तेव्हापासून. मस्कत कसं आहे ते वाचावं म्हणून लायब्ररीत गेलो होतो. एका जुन्या पुस्तकात ते अर्धं पान निघालं."

चौदा वर्षं. मी म्हटलं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?

"तू बॅग भरत होतीस," बाबा म्हणाले. "तुझी आई चर्चमध्ये तुझ्यासाठी मिसा सांगून आली होती. मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि घरी आलो. पहिली दोन वर्षं तुझा फोन यायला उशीर झाला की मला ते पान आठवायचं."

मी विचारलं, मग कधी थांबलं?

"रिया झाली तेव्हा. समोरच्या ओमानी बाई चाळीस दिवस तुला मेथीचं सूप आणून देत होत्या, असं तू सांगितलंस. त्यानंतर नाही आठवलं."

 मागे आईचा आवाज येत होता, कुणाचा फोन म्हणून विचारत होती. बाबांनी आवाज खाली आणला.

"तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही," ते म्हणाले. "तिला ते सुरमईचे फोटो फार आवडलेत. तेवढंच राहू दे."